भरावाची ओल बाहेरून लिंपू नका

प्रश्न : गावच्या पाझर तलावाच्या भरावाला पायथ्याशी दोन वर्षं ओल होती, यंदा बारीक धार लागली. आमच्या मोटारी याच पाण्यावर आहेत, पोरं पोहतात, रविवारी बाहेरची मंडळी फिरायला येतात. दुकानदार म्हणतो, धारेवर सिमेंट नि वॉटरप्रूफ पावडर मारा, शेवाळाला मोरचूद टाका.

उत्तर : पावडर आधी परत करून या. बाहेरून लिंपलं की पाणी थांबत नाही, भरावात कोंडतं आणि शेजारून वाट काढतं. लिंपलेले पायथे मी पुष्कळ पाहिलेत : प्लास्टर जागेवर, बाजूची माती खचलेली.

धारेचं पाणी काचेच्या ग्लासात घ्या, तासभर ठेवा. नितळ राहिलं तर लक्ष ठेवा. मातीचा भराव थोडा पाझरतोच. बुडाशी माती बसली तर भराव आतून वाहतोय. त्याच दिवशी तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाला लेखी कळवा, खालच्या वस्तीला सांगा, पोहणं बंद करा. तोवर धारेच्या तोंडावर जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर मोठी खडी. पाणी जाऊ द्या, माती अडवा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, तेव्हा खापर खेकड्यांवर फुटलं; गळतीची तक्रार गावाने आधीच केली होती.

खेकड्यांची, घुशींची बिळं बुजवायची तर एप्रिल-मेमध्ये, पाणी उतरल्यावर. खणून, अर्ध्या अर्ध्या फुटाचे थर धुमसाने ठोकून. पहिल्या पावसानंतरच्या चिखलाने नको. बिळात विषारी गोळ्या तर मुळीच नकोत, तिथेच पोरं डुंबतात.

मोरचूद पिकावरच्या बोर्डो फवारणीसाठी ठेवा. शेवाळ एकदम मेलं की कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे उलटे तरंगतात. शेवाळ येतं ते बहुतेक तुमच्याच उसाचा युरिया पाण्यात वाहून आल्यामुळे. दुकानदार सांगतो त्याच्या निम्मा युरिया उसाला टाकून बघा.

पाइपलाइनसाठी भराव खणू नका. जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवर, वाळूची पोती रचू नका. दरवर्षी सांगतो, दरवर्षी पोती दिसतात.

भरावावरची बाभळीची रोपं लहान असतानाच उपटा, बाहेरच्या उताराला वाळा लावा, जूनच्या पहिल्या ओलीवर, दाट आडव्या ओळीत. माझा भरवसा वाळ्यावरच.

तलावातला गाळ काढायला ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना आहे, ग्रामपंचायतीत विचारा. जेसीबी मात्र भरावाच्या पायथ्यापासून लांब ठेवा.