नोकरी सांभाळून एमएसडब्ल्यू: फी भरण्याआधी फील्डवर्कचं लेखी घ्या

ताई, नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करायचंय, अशी तुमची पोस्ट वाचली. त्यातलं फील्डवर्क म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत किंवा संस्थेत जाऊन करायचं काम. "फील्डवर्क तुमच्याच बचत गटांत केलं तरी चालेल, तुम्ही आधी फी भरून टाका" असं अभ्यासकेंद्रातल्या सरांनी तोंडी सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. ते वाचून थबकलेच. जवळजवळ याच शब्दांत मलाही सांगितलं होतं. म्हणून जरा लांबण लावते, चालवून घ्या.

प्रवेश, असाइनमेंट, परीक्षा यावर मी बोलत नाही. तुम्ही सीआरपी (बचत गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती) आहात, ग्रामसंघाच्या (गावातल्या गटांच्या संघाच्या) बैठका घेता, प्रभागसंघाचे (ग्रामसंघांच्या संघाचे) हिशेब बघता. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. दूरशिक्षणाच्या एमएसडब्ल्यूत नोकरदार माणूस अडकतो तो फील्डवर्कला.

माझं केंद्र कुठलं ते सांगत नाही. प्रवेशाच्या वेळचे समन्वयक "चालेल" म्हणाले होते, म्हणून मी नोकरीतल्याच बचत गटांत फील्डवर्क केलं. मग त्यांची बदली झाली. नवे आले ते म्हणाले, स्वतःच्या नोकरीची जागा फील्डवर्कला धरता येत नाही आणि फील्डवर्कवर देखरेख करणाऱ्या तुमच्या पर्यवेक्षक मॅडम एमएसडब्ल्यू नाहीत, तेव्हा झालेलं सगळं बाद. आधीच्या सरांचं नाव सांगितलं तर म्हणे, "लेखी आहे का?" मग शनिवार-रविवार धरून शहरातल्या एका वस्तीत सगळं पुन्हा केलं. दैनंदिनी जमा केली, पोच घेतली. निकाल लागला तर थिअरीचे सगळे गुण आलेले आणि फील्डवर्कचा रकाना रिकामा.

इथून खरा छळ सुरू झाला. केंद्र म्हणायचं, गुण वर पाठवलेत. विद्यापीठाचं विभागीय कार्यालय म्हणायचं, आलेले नाहीत. केंद्रात परत जावं तर "आता वरच विचारा". फोन उचलायचे नाहीत, ईमेलला उत्तर नाही. तेवढ्यात आमच्या संस्थेत समन्वयकाची जागा निघाली, पदवी हातात नव्हती म्हणून माझा अर्जच धरला नाही. आजही ते आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी विभागीय कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकला. 2005 चा कायदा आहे, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. "माझं काम का झालं नाही" असं विचारलं असतं तर गोल गोल उत्तर आलं असतं. मी एवढंच मागितलं: अमुक केंद्राकडून आलेल्या फील्डवर्कच्या गुणयाद्यांच्या आवक नोंदवहीची प्रत. उत्तर आलं, अशी यादी या कार्यालयाच्या आवकमध्ये नाही. तो कागद आणि माझी शिक्क्याची पोच शेजारी शेजारी ठेवल्यावर केंद्राला बोलायला जागा उरली नाही. यादी त्यांच्याच कपाटात होती, जावक क्रमांक पडलेलाच नव्हता.

तर फी भरण्याआधी एक साधं पत्र द्या, दोन प्रतींत: फील्डवर्कची जागा, पर्यवेक्षकाचं नाव आणि शिक्षण, शनिवार-रविवारचे तास धरणार का. एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा आणि दुसरं केंद्र बघा. नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात, दर सत्राला बदलतातही, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका, चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचा.

आता माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. परवानगी मिळाली तरी स्वतःच्या गटांत फील्डवर्क करू नका. तिथे तुम्ही मॅडम असता, बाया तुम्हाला हवं तेच सांगतात. मी वस्तीत गेले तेव्हा पहिल्याच बैठकीत बघितलं, सचिवबाईंनी इतिवृत्त घरूनच लिहून आणलेलं. कर्जमागणीचा ठराव, सूचक, अनुमोदक सगळं तयार. वही फिरली, सह्या झाल्या आणि मग कुणीतरी विचारलं, "कर्ज कुणाला दिलं गं?" आमच्या गटांतही हेच होत असणार, पण तिथे मी फक्त वही तपासायचे, अ श्रेणी द्यायचे आणि पुढच्या गटाकडे जायचे.

आणि सामाजिक उद्योगासाठी हा कोर्स करताय म्हणून सांगते, त्या बाबतीत फार आशा ठेवू नका. माझ्या अभ्यासक्रमात व्यक्तिसहाय्य कार्य (एकेका व्यक्तीसोबतचं काम), गटकार्य यांचे ढीगभर घटक होते आणि उद्योगाला जेमतेम जागा. ताळेबंद वाचायला कुणी शिकवलं नाही. तुमच्या पोस्टमध्ये "पुढे मसाल्याच्या गटांची सेक्शन 8 कंपनी करू" असं आहे, तिथे जरा थांबा. सेक्शन 8 कंपनी म्हणजे कंपनी कायद्यातली सेवाभावी कंपनी, तिला नफा सभासदांत वाटता येत नाही. बायांना वर्षाअखेरीला आपला वाटा हवा असेल तर उत्पादक कंपनी (उत्पादकांच्याच मालकीची) किंवा सहकारी संस्था बघा. उत्पादक कंपनीला 10 उत्पादक सभासद पुरतात. मी अशाच एका कंपनीचं काम बघते, बाया वाट्याचा हिशेब तोंडपाठ ठेवतात. उलट देणग्या आणि सीएसआरवरच (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या पैशावरच) चालवायचं असेल तर सेक्शन 8 ठीक, पण आयकर सवलतीच्या नोंदण्या (1961 च्या कायद्यात 12ए, 80जी) आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठी सीएसआर-1 ची नोंदणी हे सगळं आलंच. नेमकं काय ते सीएला विचारा, मी सीए नाही.

नोकरी सोडू का, असं विचारलंय. नका सोडू. मानधन तुटपुंजं असलं तरी गावातली ओळख त्या कामामुळे आहे, ती पदवीने मिळत नाही.

आणखी एक, दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक) लागतो आणि त्याच्या आधी एबीसी आयडी (शैक्षणिक श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक). आधारवर सासरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं असेल तर तिथेच घोळ होतो. आमच्याकडच्या निम्म्या जणी यातच अडकल्या. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधी काढून ठेवा, मगच फॉर्म उघडा.