लिटल रिचर्डची आरोळी आणि तिच्यामागची गायकी

अमेरिकन रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड केवळ ओरडतो, त्याच्या गाण्यात गायकी अशी नाही, असे आपण लिहिले आहे आणि तरीही मोठमोठे गायक त्याला गुरुस्थानी का मानतात, असा प्रश्न विचारला आहे. प्रश्न रास्त आहे, परंतु ज्याला आपण ओरडणे म्हणता, तीच त्याची कमावलेली विद्या आहे, असे माझे ठाम मत आहे.

जॉर्जिया राज्यातील मेकन गावी 1932 साली जन्मलेला हा गायक चर्चमधील गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांच्या, गायनावर वाढला. टिपेला गेलेला स्वर तुटू न देता त्यावर खरखर चढवणे, हे त्या परंपरेत भावना व्यक्त करण्याचे मान्य साधन आहे. ही खरखर निर्माण करताना खऱ्या स्वरपटलांच्या वर असलेल्या मांसल घड्याही जवळ येतात व कंप पावू लागतात, मात्र खालून श्वासाचा पुरवठा स्थिर नसेल तर गळा आवळला जातो आणि थोड्याच वेळात आवाज बसतो. रिचर्डच्या आवाजात खरखर कितीही वाढली, तरी तिच्याखालचा स्वर जागेवरून ढळत नाही. शिवाय ही खरखर त्याची नाइलाजाची नव्हती. 1957 मध्ये रॉक अँड रोल सोडून तो धर्माकडे वळला, त्यानंतरची त्याची गॉस्पेल ध्वनिमुद्रणे ऐकल्यास भरदार, मोकळा आणि पुष्कळसा स्वच्छ आवाज कानी पडतो.

त्याचा प्रसिद्ध ‘वूऽऽ’ हा उद्गार गॉस्पेल गायिका मॅरियन विल्यम्स यांच्या गायनातून आला. ‘लाँग टॉल सॅली’चे ध्रुपद कृपया लक्षपूर्वक ऐकावे. खरखरीत, छातीतून आलेल्या शब्दांच्या मधोमध तो एका अक्षरापुरता हलक्या, कृत्रिम तार स्वरात, म्हणजे फॉल्सेटोमध्ये, उडी घेतो आणि पुढच्याच शब्दाला मूळ आवाजात परततो. या जाण्यायेण्यात सांधा ऐकू येत नाही, आणि लयही तसूभर मागे पडत नाही. माझ्या मते त्याच्या गायकीतील सर्वांत अवघड जागा हीच आहे. बीटल्स या ब्रिटिश बँडमधील पॉल मॅकार्टनी यांनी ही लकब आत्मसात केली, आणि बीटल्सनी 1964 मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या याच गाण्यात तिची छाप स्पष्ट दिसते.

लयीचा विचार तर स्वतंत्रपणे करायला हवा. 14 सप्टेंबर 1955 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ‘टुटी फ्रुटी’ ध्वनिमुद्रित झाले. त्याचा आरंभ वाद्यांशिवाय, निरर्थक अक्षरांनी होतो. ती अक्षरे तबल्याच्या बोलांप्रमाणे आघातांची मांडणी करतात, व्यंजने फटकाऱ्यासारखी पडतात आणि गाण्याची लय वाद्ये सुरू होण्यापूर्वीच ठरून जाते. पियानोवर त्याचा उजवा हात सरळ, समान अंतराचे ठोके देत असे, आणि त्या हाताशी जुळवून घेतानाच आपले ढोलवादन बदलले, असे ड्रमवादक अर्ल पामर यांनी सांगितले आहे. रिचर्डचा गळाही त्याच ठोक्यांवर चालतो. सॅक्सोफोनच्या एकल वादनाआधीची आरोळीदेखील वाटेल तेथे मारलेली नसून नेमक्या मात्रेवर सोडलेली आहे.

गोरे गायक पॅट बून यांनी गायलेली ‘टुटी फ्रुटी’ची आवृत्ती 1956 मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत मूळ गाण्यापेक्षा वर गेली. गोऱ्या गायकांना रेडिओवर सहज मिळणारा वाव हे त्यामागचे मोठे कारण होते, आणि कृष्णवर्णीय कलाकारांवरील तो अन्याय मला आजही सलतो. गायकी समजून घेण्यासाठी मात्र या दोन आवृत्तींची जोडी फार उपयुक्त आहे. बून यांचा स्वर नितळ आहे, चाल साधारण तीच आहे, तरीही आघातांची धार आणि आवाजातील चढउतार नसल्यामुळे गाणे सपाट वाटते.

आपण प्रथम त्याची गॉस्पेल ध्वनिमुद्रणे ऐकावीत, नंतर ‘ल्यूसिल’ या गाण्यात त्या नावाचे पहिले अक्षर तो किती लांबवतो आणि तेवढ्या अवधीत खरखर कोठे सुरू करतो, याकडे लक्ष द्यावे. स्वतः गाऊन पाहणार असाल, तर आधी तेच अक्षर स्वच्छ स्वरात, पूर्ण दमाने धरण्याचा सराव करावा आणि घसा दुखू लागताच थांबावे.