स्वतःचे हप्ते चालू असताना मित्राला दोन लाख उसने द्यावेत का?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्यावर गृहकर्ज आहे, क्रेडिट कार्डाचे साठ हजार थकले आहेत आणि कॉलेजपासूनचा मित्र वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी दोन लाख रुपये उसने मागतो आहे. नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची ऐपत नाही. माझ्या मते तुम्ही हे पैसे देऊ नयेत, मात्र नुसते नाही म्हणून गप्पही बसू नये. असे का म्हणतो, हे सांगण्यासाठी मला माझी फजिती सांगावी लागेल.

२०१६ साली मी याच पेचात होतो. पंधरा लाखांचे गृहकर्ज नुकतेच घेतलेले होते आणि हप्ता चौदा हजारांच्या आसपास होता. त्यातच शाळेपासूनच्या एका मित्राला फ्लेक्स छपाईच्या यंत्रासाठी दीड लाख कमी पडत होते. माझ्याकडे शिल्लक नव्हतीच, म्हणून मी आमच्या पगारदारांच्या पतसंस्थेतून १२ टक्के दराने तीन वर्षांचे कर्ज काढले आणि ती रक्कम त्याला बिनव्याजी दिली. दरमहा ४,९८२ रुपये पगारातून कापले जाऊ लागले. पगारपत्रकात भविष्यनिर्वाह निधी आणि व्यवसाय कर यांच्या खाली ‘सोसायटी’ अशी नवी ओळ आली, तेव्हा पत्नीने एवढेच विचारले, “अहो, ही सोसायटी कुणाची?”

मित्राने पहिले पाच महिने पाच-पाच हजार बिनबोभाट दिले, पुढे दोन खेपेत चाळीस हजार दिले आणि मग फोन उचलणे बंद झाले. एकदा एसटी स्टँडबाहेर मी समोरून येताना दिसताच तो केळ्यांच्या गाड्याकडे वळला आणि मी पुढे जाईपर्यंत केळी चाचपत उभा राहिला. त्याला मधुमेह आहे, तो केळी खात नाही.

मी होकार का दिला, याचा नंतर पुष्कळ विचार केला. मैत्रीखातर दिले असे मी सगळ्यांना सांगत असे, परंतु खरे कारण लाज हे होते. नवा फ्लॅट घेतलेल्या माणसाच्या खात्यावर महिनाअखेर दोन हजारही उरत नाहीत, हे त्याला कळू द्यायचे नव्हते. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ती अशी. एका सहकाऱ्याने तर मला तुकोबांचा दाखला दिला, की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, तू दीड लाखाचे काय घेऊन बसलास! दाखला थोर आहे, पण ती तुकोबांची स्वतःची येणी होती. पतसंस्थेची देणी इंद्रायणीत बुडत नाहीत.

म्हणून २०२१ मध्ये दुसऱ्या एका मित्राने लाखभर रुपये मागितले, तेव्हा मी पगारपत्रक आणि कर्जखात्याचा उतारा त्याच्यासमोर ठेवला. दोन्ही कागद नीट वाचून तो म्हणाला, “अरे, तुला तर मीच मदत करायला हवी.” त्यानंतर पैसे कुठून उभे राहतील यावर आम्ही दीड तास बोललो, आणि शेवटी सोनेतारण कर्जावर त्याचे काम भागले. मी दहा हजार दिले, तेही परत मागायचे नाहीत असे ठरवूनच.

तुमच्या कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर साठ हजारांवर दरमहा २,१०० रुपये नुसते व्याज होते, जीएसटी वेगळा. त्यात मित्रासाठी १४ टक्क्यांनी दोन लाखांचे वैयक्तिक कर्ज तीन वर्षांसाठी काढलेत, तर सुमारे ४६,००० रुपये व्याज जाईल, आणि ‘बिनव्याजी’ दिलेल्या पैशांचे ते व्याज तुमच्याच खिशातून जाईल. तो “पैसे नकोत, फक्त जामीन राहा” म्हणाला तरी गोष्ट तीच, कारण कर्जदाराने हप्ते थकवले की बँक जामीनदाराकडून पूर्ण वसुली करू शकते.

गरज रुग्णालयाची आहे म्हणून आणखी एक सुचवतो. पैशांपेक्षा तुमचा एक दिवस त्याला अधिक उपयोगी पडेल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागते, आणि रुग्णाच्या उशाशी बसलेल्या मुलाला या कागदांमागे धावायला सवड नसते.

एवढे होऊनही काही रक्कम द्यावीशी वाटली, तर ती बुडाली तरी तुमचा हप्ता चुकणार नाही इतकीच असावी. ती बँकेतूनच पाठवा, कारण २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक उसनी रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही आणि त्याचा दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो. रक्कम आणि परतफेडीची तारीख लिहिलेल्या कागदावर त्याची सही घ्या. परतफेडीची तारीख ठरली नसेल, तर पैसे दिल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो, आणि त्या मुदतीत त्याने देणे लेखी कबूल केले तर मुदत नव्याने सुरू होते. मी असा कागद कधी मागितला नाही. उरलेले ८५,००० रुपये आता कोर्टात जाऊनही मिळण्यासारखे नाहीत.