गुहेत चीज मुरवायचंय? आधी थर्मामीटर न्या

प्रश्न: आमच्या जमिनीला लागून चुनखडीची एक छोटी नैसर्गिक गुहा आहे, वीसेक पावलं आत जाता येतं. घरी केलेल्या कडक चीजचे दोन-दोन किलोचे तीन गोळे मी तिथे फळीवर मुरायला ठेवले, पाच आठवडे झाले. आता एकावर काळे ठिपके आलेत, एक वरून चिकट झालाय आणि तिसऱ्याखाली फळीवर तपकिरी पिठासारखी धूळ पडलेली दिसते. आत १७ डिग्री आहे आणि छतातून पाणी टपकतं. सगळं फेकून देऊ का?

उत्तर: लगेच फेकू नका, पण आधी त्या १७ चं बोलू, कारण खरी गडबड तिथेच आहे. गुहा म्हणजे थंड असणारच असं आपण धरून चालतो, पण गुहा स्वतः काही थंडी तयार करत नाही हो, खोल गुहेतलं तापमान साधारण त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाइतकं असतं, बाहेर ऊन असो की हिवाळा. सरासरी १७ तर आत १७. कडक चीजला १० ते १३ लागतं. जास्त झालं की ते घाईघाईत मुरतं, वरून स्निग्धांश सुटायला लागतो आणि चव कडवट होते. फ्रान्समधल्या रॉकफोर चीजच्या गुहांचं एवढं नाव आहे ते तिथल्या डोंगराला भेगा आहेत म्हणून, त्यातून गार दमट हवा सतत खेळती राहते, आत १० च्या आसपास तापमान आणि दमटपणा ९५ टक्क्यांच्या घरात. नुसता अंधार आणि दगड असून भागत नाही. हां, तुमची गुहा तोंडापासून खाली उतरत असेल तर हिवाळ्यातली जड गार हवा तळाशी साचून राहते, तेव्हा अगदी खालच्या कोपऱ्यात थर्मामीटर ठेवून बघा, तिथे दोन-चार डिग्री कमी मिळू शकतात.

दमटपणा ८५ ते ९० टक्के चांगला, पण दमट हवा वेगळी आणि डोक्यावर टपकणारं पाणी वेगळं! चिकट झालेला गोळा बहुतेक थेंबांखालीच होता ना? फळ्यांवर उतरतं छप्पर करा, फळ्या भिंतीपासून लांब ठेवा, गोळे एकमेकांना चिकटू देऊ नका आणि सुरुवातीला रोज उलटा. माझा पहिला गोळा मी दहा दिवस उलटलाच नव्हता, खालून पार गिळगिळीत, वर अमोनियाचा वास.

काळे ठिपके ताठ कोरड्या ब्रशने घासून मिठाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसा. बुरशी भेगेतून आत शिरली असेल तर भोवतीचं किमान अडीच सेंटिमीटर कापून टाका. तपकिरी धूळ म्हणजे चीजवरचे बारीक कोळीवर्गीय किडे, त्यांनी टाकलेली कात आणि विष्ठा. ऐकायला किळसवाणं, पण फ्रान्सचं मिमोलेत चीज मुद्दाम त्यांच्याकडूनच सालीला खड्डे पाडून घेतं. तुम्ही मात्र गोळा गुहेबाहेर नेऊन ब्रशने झाडा, फळी उकळत्या पाण्याने धुवा. चिकटवाला गोळा आतून पण मऊ झाला असेल किंवा वास नको तसा येत असेल तर त्याला निरोप द्या.

गुहेचा दगड कधीच नीट धुता येत नाही आणि लिस्टेरिया नावाचा आजार करणारा जंतू गार-ओल्या जागी मजेत वाढतो, म्हणून तिथे मऊ चीज ठेवूच नका आणि दूध पाश्चराइज केलेलंच घ्या. घरात कुणी गरोदर असेल तर तिला हे चीज देऊ नका. आणि आत वटवाघळं असतील तर विषय संपला, त्यांच्या विष्ठेतल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होतो, शिवाय आपण त्यांचीही झोपमोड करतो.

प्रश्न: आणि गुहा जमलीच नाही तर?

उत्तर: जुना फ्रिज, तापमान ठरवून चालू-बंद करणारा कंट्रोलर, आत झाकणाचा डबा, डब्यात जाळी आणि जाळीखाली ओलं फडकं. डब्याच्या झाकणाला आतून थेंब दिसले तर झाकण जरा तिरकं ठेवा, साल तडकायला लागली तर फडकं पुन्हा ओलं करा. दिसायला काही गुहेची मजा नाही, पण तुमचे उरलेले चांगले गोळे आजच तिथे हलवा.