कचरू, दगडू, येडबा: ही नावं आली कुठून, आणि बदलावीत का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. ऑफिसात कागदावर वडिलांचं 'कचरू' हे नाव वाचून सोबतचे हसले, तर राजपत्रात देऊन ते 'कैलास' करून घ्यावं का? आणि घरात बाळ येणार आहे, बायकोला कुणाचंच नसलेलं नाव हवंय, आईला गावाकडचं हवंय, तर काय ठेवावं? माझी सगळी नोकरी जालना आणि परभणी जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर गेली. पहिलीच्या प्रवेशाची रजिस्टरं लिहिली, आजोबा-पणजोबांची जुनी रजिस्टरंही चाळली. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी कचरू. जालना-संभाजीनगरकडं हे नाव गावोगाव सापडतं, बायकांत कचराबाई. दगडू, धोंडिबा, केरबा, भिकाजी ही त्याचीच भावंडं. असं नाव दिसलं की त्या घरात आधी काय झालं होतं ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: आधीची लेकरं जगली नव्हती.

माझ्या आईनं असं एक लेकरू स्वतःच्या हातानं उचललेलं होतं. शेजारच्या घरात लागोपाठ लेकरं गेली होती. पुढचं झालं तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घातलं, सूप उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवलं आणि मागं न बघता ती घरात गेली. आधी ठरल्याप्रमाणे माझी आई तिथं उभी होती. तिनं सूप उचललं, त्याच घराच्या दारात नेलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "उकिरड्यावर लेकरू सापडलंय, घेता का कुणी?" बाळंतिणीच्या सासूनं माझ्या आईच्या ओटीत मूठभर ज्वारी घातली आणि आपलाच नातू विकत घेतला. नाव ठेवलं कचरू. सटवाईला, नजरेला, जे काही लेकरं नेत होतं त्याला वाटावं की हे टाकलेलं पोर आहे, याच्याकडं बघायचं कारण नाही. तो माणूस पुढं नातवंडं खेळवेपर्यंत जगला आणि माझ्या आईला शेवटपर्यंत 'माय' म्हणत राहिला.

1971 साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. त्याच्या आधीच्या पिढ्यांत तर याहून जास्त. महाराष्ट्रात 2020 साली हा आकडा 16 वर आला. लस आली, दवाखान्यातलं बाळंतपण आलं, आणि रजिस्टरातून कचरू-दगडू हळूहळू गेले. लोकांना एकाएकी नावांची चव कळली म्हणून ती गेली असं मला वाटत नाही. भीती कमी झाली, नावं मागं पडली. नथू हे नावही त्यातलंच, मुलाचं नाक टोचून नथ घालायची म्हणजे मुलगी वाटावी.

मराठवाड्यातली सगळी विचित्र वाटणारी नावं मात्र भीतीतून आलेली नाहीत. धाराशिवकडं येडबा, येडू ही नावं ऐकून पुण्याचा माणूस दचकतो, पण ती येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची आहेत. सटवाजी सटवाईचा. पिराजी आणि फकिरा पिराला केलेल्या नवसाचे, आणि ती नावं हिंदू घरांतली आहेत हे विसरू नका. तीर्थाला जायची ऐपत नसलेल्या घरांतही प्रयागबाई, मथुराबाई, अयोध्याबाई असायच्या. बीडकडं नवनाथांचा पगडा, म्हणून मच्छिंद्र, गहिनीनाथ, जालिंदर. कपिलधारच्या मन्मथस्वामींमुळं मन्मथ. नांदेडला देगलूर-बिलोलीकडं जा, तेलंगणच्या शेजारामुळं पोशट्टी आणि सायलू भेटतील. उदगीर-निलंग्याला कर्नाटकाच्या शेजारामुळं बसवराज आणि गुंडप्पा.

आणि पोथीतली नावं! बिभीषण, सुग्रीव, अंगद, शुक्राचार्य, द्रोणाचार्य, इतकंच काय दुर्योधनसुद्धा. शहरात मुलाचं नाव दुर्योधन कुणी ठेवणार नाही. आमच्याकडं पावसाळ्यात गावात पोथी लागायची, सगळा गाव ऐकायला बसायचा, आणि ऐकणाऱ्याला तो गदायुद्धाचा राजा आवडायचा. मला ही नावं फार प्रिय आहेत. हजेरी घेताना वर्गात रामायण-महाभारत बसल्यासारखं वाटायचं.

जी नावं खरंच लागतात, ती वेगळी. नकुशा. चौथी-पाचवी मुलगी झाली की ठेवलेलं नाव. कचरूला जगवण्यासाठी वाईट नाव दिलं, नकुशाला ती नको होती म्हणून दिलं. दोन्ही एकाच पिशवीत घालू नका. माझ्या वर्गात या नावाची एक मुलगी होती. हजेरीत मी 'न' म्हणायच्या आत ती 'हजर' म्हणायची, म्हणजे पुढचं कुणाला ऐकू जाऊ नये. सातारा जिल्ह्यात 2011 साली अशा अडीचशेहून जास्त मुलींना शोधून, समारंभ करून, नवी नावं दिली गेली. त्याच 2011 च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. नकुशा हे नाव कुठून येतं ते या आकड्यात दिसतं. तुमच्या ओळखीत अशी कुणी मुलगी असेल तर तिचं नाव बदलायला जरूर मदत करा, आणि ती शाळेत आहे तोवरच करा. शाळा सुटल्यावर दाखला दुरुस्त करणं फार जिकिरीचं होतं.

अजून एक बाजू आहे, तीही मोलाची. आपल्याकडं दलित वस्त्यांत धोंड्या, कचऱ्या अशी नावं पुष्कळदा वरच्यांनी चिकटवलेली असत, आणि चांगल्या नावाचीही मोडतोड करून हाक मारली जाई. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर घरोघर सिद्धार्थ, गौतम, राहुल, प्रज्ञा, संघमित्रा आले. मिलिंद तर आपल्या मराठवाड्याचं खास. बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत काढलेलं कॉलेज पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. त्या माणसांनी नावं बदलली ती स्वाभिमानानं, आणि बरोबर केलं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही, तुमच्या वडिलांकडं आहे. त्यांना हे नाव का ठेवलं ते विचारलंय का कधी? त्यांना ते सलत असेल आणि त्यांनाच बदलायचं असेल तर राजपत्राचा अर्ज भरायला त्यांच्या शेजारी बसा. पण ऑफिसातली चार जणं हसली म्हणून तुम्ही परस्पर कैलास करू नका. ज्या नावानं त्यांच्या आईबापांनी त्यांना जगवलं, ते पोरानं लाजेपोटी पुसलं तर त्यांना काय वाटेल, याचा विचार करा.

व्यवहारही बघा. त्यांचं नाव बदललं की तुमची दहावीची सनद, पॅन, पीएफ सगळीकडं जुनं 'कचरू' राहतं. सातबाऱ्यावर कचरू, आधारवर कैलास, मग उद्या वारसाचा फेरफार घेताना दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत अशी प्रतिज्ञापत्रं करत तलाठ्याकडं खेटे घालाल. आणि लेकराच्या कागदांवर आजोबांचं नाव येतच नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्यात क्रम असा आहे: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

आता बाळ. 'कुणाचंच नको' हा हट्ट थोडा सैल करा. जो तो वेगळं म्हणून आरोही ठेवतो आणि एका वर्गात तीन आरोही बसतात. त्याच्या पलीकडं गेलात तर त्रास लेकराला. रायपूरला 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जुळ्यांची नावं कोरोना आणि कोविड ठेवल्याची बातमी आली होती. न्यूझीलंडमध्ये 2008 साली एका नऊ वर्षांच्या मुलीचं नाव कोर्टानं बदलायला लावलं. ते होतं 'तलुला डझ द हुला फ्रॉम हवाई'. ती मैत्रिणींना नुसतं 'के' सांगायची. वाचलं तेव्हा मला माझ्या वर्गातली हजेरी आठवली.

दोन गोष्टी तपासा. नाव आजीला एका दमात हाक मारता आलं पाहिजे, आणि इंग्रजीत त्याचं एकच सरळ स्पेलिंग व्हायला हवं. कियांश, रियांश यांची चार-चार स्पेलिंगं होतात आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. बायकोला वेगळं हवं, आईला गावचं हवं, तर मन्मथ, रेणुका, मुक्ता, गोदावरी यांचा विचार करा. पुण्यात ती वेगळी वाटतील, गावात आपली.

ठरत नसेल तर बारशाची तारीख गाठायला म्हणून कसलंही नाव देऊ नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करा, नावाचा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो. पुढं 12 महिन्यांत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. फक्त एवढं लांबवू नका, कारण 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून लायसनपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे.