अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये छोट्या कॉलेजातून ट्रान्सफर होऊन आलेला पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून टीमचा खेळ चालवणारा खेळाडू) मोठ्या टीममध्ये चालेल का, हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नातली माहिती एवढीच: मुलगा लहान कॉन्फरन्समधून (कॉलेजांच्या लहान लीगमधून) येतोय, मागच्या सीझनला दर सामन्याला सरासरी १७ पॉइंट, ५ असिस्ट (ज्यावर साथीदाराने लगेच पॉइंट केले असे पास), ३.२ टर्नओव्हर (शॉटआधीच गमावलेले बॉल), आणि तुमचे मित्र म्हणतायत की आकडे फुगवलेले आहेत, पहिल्याच महिन्यात उघडा पडेल.

'आकडे फुगवलेले' हे दोन शब्द वाचले आणि उत्तर लिहायला घेतलं. ट्रिस्टन न्यूटन या गार्डबद्दलही अशीच शंका घेतली जायची.

न्यूटन २०२२ मध्ये ईस्ट कॅरोलिनातून कनेक्टिकटला, म्हणजे यूकॉनला आला. ईस्ट कॅरोलिनातल्या शेवटच्या सीझनला त्याची सरासरी १७.७ होती. यूकॉनमध्ये पहिल्या सीझनला ती १०.१ वर आली. टीम सुरुवातीला १४-० होती, मग आठपैकी सहा सामने हरली, आणि 'या टीमला खरा पॉइंट गार्डच नाही' अशी ओरड सुरू झाली. एप्रिल २०२३ मध्ये त्याच टीमने सॅन डिएगो स्टेटला ७६-५९ हरवून राष्ट्रीय किताब जिंकला. फायनलमध्ये न्यूटनचे १९ पॉइंट आणि १० रिबाउंड होते.

पॉइंट घसरले कारण काम बदललं. ईस्ट कॅरोलिनात बॉल त्याच्याच हातात असायचा आणि शॉट क्लॉक (शॉट घ्यायला मिळणारा ठरावीक वेळ) संपत आलं की शॉटही त्यालाच घ्यावा लागायचा. यूकॉनमध्ये आत पोस्टला (बास्केटजवळ) अडामा सनोगो, स्क्रीनवरून (साथीदार डिफेंडरच्या वाटेत उभा राहून करतो त्या आडोशावरून) धावत येणारा जॉर्डन हॉकिन्स, आणि स्वतः बॉल घेऊन पुढे येणारा आंद्रे जॅक्सन. तिथे गार्डचं काम म्हणजे हॉकिन्स स्क्रीनमधून बाहेर पडून पाय टेकतो त्याच क्षणी बॉल त्याच्या छातीशी पोचवणं. अर्धा सेकंद उशीर झाला की डिफेंडर परत अंगावर येतो आणि तो शॉट मेला. हे काम बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, जेमतेम दिसतं. पुढच्या सीझनला हे तिघंही नव्हते. न्यूटनची सरासरी झाली १५.१ पॉइंट, ६.२ असिस्ट, ६.६ रिबाउंड. पर्ड्यूविरुद्धची फायनल ७५-६०, त्यात त्याचे २० पॉइंट आणि ७ असिस्ट, आणि फायनल फोरचा (शेवटच्या चार टीमच्या फेरीचा) सर्वोत्तम खेळाडू तोच. कोच डॅन हर्लीच होते, खेळाडूही तोच. काम मात्र दोन्ही वर्षी वेगळं होतं.

म्हणून १७ चा आकडा बाजूला ठेवा. नवीन टीममध्ये तो ९ किंवा १० वर आला तर ते अपयश नाही. शॉट निम्मे झाले तर पॉइंटही खाली येणारच.

आता टर्नओव्हर. असिस्ट-टर्नओव्हर रेशोवरून गार्ड निवडणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. तुमच्या मुलाचा रेशो ५ भागिले ३.२, म्हणजे १.५६. समजा दुसरा एक गार्ड आहे: ४.४ असिस्ट, २ टर्नओव्हर, रेशो २.२. लोक डोळे झाकून दुसरा घेतील. पण पहिला सामन्यात १३ शॉट आणि ५ फ्री थ्रो घेत असेल आणि दुसरा ६ शॉट आणि २ फ्री थ्रो, तर हिशेब असा करा: शॉट, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४७५ (फ्री थ्रो बहुतेकदा जोडीने मिळतात म्हणून साधारण निम्मे), अधिक असिस्ट, अधिक टर्नओव्हर. या बेरजेत टर्नओव्हर किती टक्के ते काढा. पहिल्याचे साधारण १३.६, दुसऱ्याचे १५. म्हणजे 'बॉल घालवणारा' पोरगा उलट किंचित जास्त सांभाळून खेळतोय. असिस्टचंही तसंच. त्याच्या १२ पासवर शॉट होत असतील आणि साथीदार त्यातले ४० टक्के टाकत असतील, तर असिस्ट ४.८. साथीदार ५० टक्के टाकणारे मिळाले की तेच पास ६ असिस्ट होतात.

टर्नओव्हर मोजून थांबू नका, कोणते ते बघा. बॉल बाहेर गेला किंवा ऑफेन्सिव्ह फाउल झाला तर निदान डिफेन्स लावायला वेळ मिळतो. वरच्या बाजूला, थ्री पॉइंट लाइनच्या बाहेर आडवा पास हिसकावला गेला तर समोर मोकळा लेअप. दुसऱ्या प्रकारचे जास्त असतील तर काळजी करा.

व्हिडिओ बघायचा तर हायलाइट्स नकोत. त्याच्या जुन्या टीमने सगळ्यात तगड्या टीमविरुद्ध खेळलेले चार-पाच पूर्ण सामने घ्या, हरलेले आधी. बॉल स्क्रीनवर (बॉल असलेल्या गार्डसाठी लावलेल्या आडोशावर) दोघं डिफेंडर अंगावर येतात तेव्हा तो काय करतो हे मुख्य. चांगला गार्ड एक-दोन ड्रिबल मागे घेऊन डोळे वर ठेवतो आणि स्क्रीन लावून आत पळणाऱ्याला किंवा मधल्या माणसाला बॉल देतो. कच्चा गार्ड साइडलाइनकडे जातो, ड्रिबल थांबवतो आणि अडकतो. तिथे पाच-सहा सेकंद जातात, आणि शॉट क्लॉक तर ३० सेकंदांचंच. तसंच प्ले किती सेकंद उरलेले असताना सुरू होतो ते लिहून ठेवा. २२-२३ ला सुरू झाला तर पहिला डाव फसल्यावर दुसरा खेळता येतो. रोज १६-१७ ला सुरू होत असेल तर शेवटी कुणीतरी हात वर करून वाईट शॉट मारणार. डाव्या हाताने लांबचा स्किप पास (कोर्टच्या एका बाजूकडून थेट दुसऱ्या बाजूला) जातो का, हेही बघा. जात नसेल तर मोठ्या लीगमधले कोच दोन सामन्यांत त्याला डावीकडे ढकलायला लागतील.

'लहान कॉन्फरन्स' या शब्दालाही मी फार किंमत देत नाही. ईस्ट कॅरोलिना त्या वेळी ह्यूस्टनच्याच कॉन्फरन्समध्ये होतं, आणि स्क्रीनवर दोघांनी झडप घालणं ही कोच केल्विन सॅम्पसनच्या ह्यूस्टनची ओळख. फेब्रुवारी २०२१ मध्ये ईस्ट कॅरोलिनाने पाचव्या क्रमांकाच्या ह्यूस्टनला ८२-७३ हरवलंही होतं. न्यूटन दबावाखाली कसा खेळतो याचा पुरावा हवा असणाऱ्याला असे सामने मिळत होते, बघायची तयारी हवी होती. तुमच्या मुलाच्या लीगमध्ये असा सामना नसेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमधले नॉन-कॉन्फरन्स (लीगबाहेरच्या टीमशी होणारे) सामने शोधा. लहान कॉलेजं पैशासाठी मोठ्यांच्या कोर्टवर खेळायला जातात, तिथे सगळं कळतं.

थ्री पॉइंटच्या टक्क्यांवर एका सीझनवरून निकाल देऊ नका. १५० शॉटपैकी ५२ गेले तर ३४.७ टक्के, ५८ गेले तर ३८.७. फरक सहा शॉटचा, म्हणजे नशिबाचाही असू शकतो. फ्री थ्रो शंभराच्या वर घेतलेले असतील आणि ८० टक्के जात असतील, तर हात चांगला आहे असं धरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पास मिळाल्या मिळाल्या उभ्याने मारलेले शॉट वेगळे काढा, कारण मोठ्या टीममध्ये त्याला तेच मिळणार आहेत. आयुष्यभर ड्रिबल करून शॉट मारलेला गार्ड कोपऱ्यात उभा केला की पाय घट्ट ठेवूनच बॉल घेतो, आणि शॉट उशिरा निघतो.

डिफेन्सबद्दल थोडक्यात: जुन्या टीममध्ये तो कुणाला गार्ड करायचा ते बघा. जास्त फाउल होऊन बाहेर बसावं लागू नये म्हणून कोच स्टारला समोरच्या सगळ्यात कमजोर गार्डवर लपवतात. त्यामुळे 'डिफेन्स ठीक आहे' याचा अर्थ बऱ्याचदा तपासलाच गेला नाही एवढाच असतो.

हे सगळं जमलं तरी काही गोष्टी बाहेरून कळत नाहीत. गुडघा, घोटा आणि आधीच्या कोचशी संबंध, ही माहिती बाहेर कमीच येते. २०२६ पासून ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) फायनलच्या दुसऱ्या दिवशी उघडून १५ दिवसांत बंद होतं, त्यामुळे कोचलाही नीट चौकशी करायला वेळ मिळत नाही. नवीन प्लेबुक अंगवळणी पडायलाही महिने जातात. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मीठ कुठल्या डब्यात आहे हे शोधतानाच भाजी करपते. डिसेंबरपर्यंत मत देऊ नका, जानेवारीत बाहेरच्या कोर्टवरचे कॉन्फरन्स सामने बघा.

तो चालेल की नाही हे नाव न सांगता मला कसं सांगता येणार? पण तुमचे मित्र जर म्हणाले की न्यूटन 'सिस्टिममुळे' चमकला, तर त्यांना विचारा, पहिल्या वर्षी सरासरी १०.१ झाली तेव्हाही सिस्टिम तीच होती ना? तेव्हा दोष त्याचा आणि नंतर श्रेय सिस्टिमचं, असं कसं?