लँकेस्टर काउंटीत जुनं दगडी घर घ्यायचं म्हणताय, तर आधी हे वाचा

तुम्ही विचारलंय की पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीला येताय, बाळ लहान आहे, तर गावाकडचं जुनं दगडी घर घ्यावं का. जरूर घ्या, फार देखणी घरं आहेत, पण आधी इथली वस्ती कशी आहे ते समजून घ्या.

आपल्याकडे मधे गावठाण आणि भोवती शेतं, इथे तसं नाही. 1710 पासून स्विस-जर्मन मेनोनाइट (एक ख्रिश्चन पंथ) लोक आले, चुनखडीवरची सुपीक जमीन बघून पसरले आणि प्रत्येकाने आपल्याच शेतात घर बांधलं, शक्यतो झऱ्याजवळ, शेजारी उतारात खोचलेलं दोनमजली बार्न म्हणजे खाली गुरं आणि वर गवत-धान्य, गाडी चढाच्या बाजूने थेट वरच्या मजल्यावर. आजही बरंचसं तसंच आहे, त्यामुळे शेजारी म्हणजे शेतापलीकडचा आणि दुधाच्या पिशवीलाही कार काढायची. चालत दुकान-शाळा हवी असेल तर टाउनशिप, म्हणजे असा विखुरलेला ग्रामीण भाग, सोडा आणि बरो, म्हणजे स्वतःचा कारभार असलेलं छोटं गाव, बघा. लिटिट्झ मला फार आवडतं, 1756 मधे मोरेव्हियन चर्चने (हाही एक ख्रिश्चन पंथ) वसवलेलं, जवळपास 100 वर्षं तिथे फक्त चर्चच्याच लोकांना राहता यायचं, म्हणून जुनी घरं अशी एकमेकांना लागून आहेत. स्ट्रासबर्गचा मेन स्ट्रीटही बघा.

आता घराचं. 1978 च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, विकणाऱ्याला जे माहीत आहे ते त्याने सांगायलाच लागतं पण तुम्ही स्वतः टेस्ट करून घ्या, बाळ रांगणार आहे. टाउनशिपमधे बहुतेक विहीर आणि सेप्टिक टँक. खाजगी विहिरीचं पाणी राज्य सरकार तपासत नाही, जबाबदारी मालकाची, आणि इथे शेणखत भरपूर म्हणून नायट्रेट (खतातून पाण्यात झिरपणारं रसायन) नक्की तपासा. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं, आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीला तेच पाणी वापरलं तर धोका आहे, हे कृपया हलक्यात घेऊ नका.

घर नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत, आहे म्हणून घाबरू नका, स्वतःच्या पैशाने बदल करायला नुसत्या त्या नोंदीची आडकाठी नसते. अडवतो तो स्थानिक हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टचा, म्हणजे गावाने जपायला ठरवलेल्या जुन्या भागाचा, नियम, म्हणून खिडक्या बदलायचा विचार असेल तर सही करायच्या आधी बरोच्या ऑफिसात विचारा.

आणि आल्यावर विलो स्ट्रीटजवळचं 1719 चं हान्स हेर हाउस हे मेनोनाइटांचं जुनं दगडी घर आतून बघून या, जाड भिंती, छोट्या खिडक्या, मधोमध धुराडं, मग अशा घरात राहणं झेपेल का ते तुम्हीच ठरवा. तोवर भाड्याने रहा.